नकाशात नसलेला माळ

बेलखेड्यात टेलिफोन आला तो जीपमधून, पण त्याच्याही आधी जीपमधून उतरला तो नकाशा. जाड कापडावर चिकटवलेला, दोन माणसांनी दोन टोकं धरावीत एवढा मोठा. ज्युनियर इंजिनियर देगलूरकर साहेबांनी तो बॉनेटवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि जमलेल्या गावाला सांगितलं, की पालमच्या टॉवरवर कंपासाचं टोक टेकवून हे निळं वर्तुळ काढलेलं आहे. या वर्तुळात जे गाव येतं, त्या गावात तारेशिवाय, खांबाशिवाय, थेट हवेतून फोन वाजणार. मग त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. बोटाखाली बेलखेडा होतं. काठावर लटकलेलं नव्हे, वर्तुळाच्या चांगलं पोटात.

साल ब्याण्णव, फेब्रुवारीचा महिना. गावात एसटी दिवसातून दोनदा यायची आणि कधी कधी एकदाच. पत्र आठ दिवसांनी यायचं. अशा गावाला एकदम हवेतून बोलायला मिळणार म्हटल्यावर लोक नकाशाकडे देवाच्या पालखीकडे बघावं तसे बघू लागले.

गर्दीच्या मागं सूर्यभान खिल्लारे उभा होता. अठरा वर्षं त्यानं फौजेत वायरलेसवर काढली होती. बर्फात, वाळूत, जंगलात, पाठीवर सेट बांधून तो हिंडला होता आणि कुठल्या खड्ड्यात आवाज मरतो अन् कुठल्या उंचवट्यावर तो जिवंत होतो हे त्याच्या पायांना ठाऊक झालं होतं. हवालदार होऊन तो गावी परतला. गाव त्याला हवालदार म्हणायचं, पण विचारायचं मात्र काही नाही. कुणाचा रेडिओ बिघडला तरच त्याची आठवण व्हायची.

सूर्यभाननं नकाशाकडे पाहिलं, मग मान वर करून समोर पाहिलं आणि मागूनच म्हणाला, "साहेब, टॉवर अन् गावाच्या मधी धुळोबाचा माळ हाय."

देगलूरकर साहेब नकाशावर वाकले. बेलखेडा आणि पालम यांच्यामधली सगळी जागा त्यांनी बोटानं चाचपली आणि सरळ होऊन म्हणाले, "नकाशात माळ नाही."

सगळ्या गावानं वळून माळाकडे पाहिलं. तो होता तिथंच होता. बेलखेड्यात सूर्य अर्धा तास उशिरा उगवतो तो त्याच्यामुळंच. पण साहेबांच्या हातात कागद होता आणि सूर्यभानच्या हातात काही नव्हतं, त्यामुळं माळ नाही असं ठरलं.

आता फोन बसवायचा कुठं? नियमानं तो ग्रामपंचायतीत हवा होता. पण पंचायतीच्या खोलीत गेल्या वर्षीच्या खताची पोती होती, म्हणून सरपंच माणिकरावांनी आपली ओसरी देऊ केली. ओसरी सगळ्या गावाला मोकळी आहे, असं ते साहेबांना म्हणाले. ती कुणाला किती मोकळी आहे हे सूर्यभानच्या आळीला माहीत होतं. अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराच्या दंगलीत, तो रजेवर घरी आला होता आणि आपल्या आळीतली जळलेली कुडं त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. माणिकरावांनी स्वतः काही केलं नव्हतं. ते ओसरीवर बसून होते, एवढंच. त्यानंतर सूर्यभान त्या ओसरीची पायरी चढला नव्हता.

घराच्या धाब्यावर तीस फुटी लोखंडी नळ उभा राहिला. त्याच्या टोकाला माशाच्या काट्यासारखा एरियल, बाजूला उन्हावर चालणारी काळी काच, खाली बॅटरी, एक पत्र्याची पेटी आणि त्यावर काळाभोर फोन. माणिकरावांच्या बायकोनं, सुमनबाईंनी, त्याला हळदकुंकू लावलं आणि लोकरीनं विणलेलं झाकण घातलं. नारळ फुटला. माणिकरावांनी रिसीव्हर कानाला लावला आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आतून कढईत भजी सोडल्यासारखा आवाज येत होता.

साहेब म्हणाले, हीच लाईन जिवंत असल्याची खूण. नवी लाईन आहे, मुरायला आठवडा लागतो.

अंगणातून सूर्यभान म्हणाला, "साहेब, ही लाईन न्हाई, ही रिकामी हवा हाय. टॉवरची लाट माळावरून निघून जायलीय. खाली उतरत न्हाई ती."

"तुमच्या फौजेतले सेट आता म्युझियममध्ये आहेत," साहेब म्हणाले आणि त्यांनी कागद पुढं केला. 'फोन बसवला, तपासला, उत्तम चालतो.' माणिकरावांनी घसघशीत सही केली. एवढ्या लोकांसमोर, नारळ फुटल्यावर, सही न करणारा सरपंच अजून जन्माला यायचा होता.

आठवडा गेला, पंधरवडा गेला, लाईन मुरली नाही. माणिकराव एसटीनं पालमच्या टेलिफोन कचेरीत गेले. तिथं बन्सीधर नावाचा कारकून होता आणि त्याच्या डोक्यामागं तोच नकाशा भिंतीवर टांगलेला होता. निळ्या वर्तुळात फोन असलेल्या गावांवर हिरव्या टाचण्या खोचल्या होत्या. बन्सीधरनं मान मागं करून पाहिलं आणि बेलखेड्याचा फोन चालू असल्याचं सांगितलं. माणिकराव म्हणाले, बंद आहे. बन्सीधर म्हणाला, बंद असेल तर तक्रार नोंदवा. माणिकराव म्हणाले, त्यासाठीच आलोय. तेव्हा बन्सीधरनं फार समजुतीच्या सुरात सांगितलं की तक्रार तोंडी घेता येत नाही. ज्या फोनची तक्रार आहे त्याच फोनवरून एकशे अठ्ठ्याण्णव नंबर फिरवायचा, म्हणजे कोणता फोन बंद आहे ते इकडं कळतं.

"अन् त्यो लागलाच न्हाई तर?"

"तर तक्रार आली नाही म्हणायची. अन् तक्रार नाही म्हणजे फोन चालू. बघा की, तुमच्या गावाची एकही तक्रार नाही. सगळ्या तालुक्यात तुमचा फोन नंबर एक आहे."

हे ऐकून दुसरा कुणी चिडला असता. माणिकराव सुखावले. नंबर एकची गोष्ट त्यांनी परत येताना एसटीतच चार जणांना सांगितली. आणि एकदा सांगितल्यावर मागं फिरायला वाट उरली नाही. सकाळी दहाच्या सुमारास ते ओसरीवर बसत, लोकरीचं झाकण काढत आणि भज्यांच्या आवाजाशी मोठमोठ्यानं बोलत. कधी तहसीलदार, कधी बँकेचा मॅनेजर. मधेच थांबत, मान डोलवत, हसत. रस्त्यानं जाणारे थबकून ऐकत. सुमनबाई आत पोळ्या लाटता लाटता कपाळाला हात लावत.

एक दिवस याच भरात त्यांनी ढोरांच्या डॉक्टरला फोन केला. गावात खुरकुताची साथ होती. "गुरुवारी या, सगळी ढोरं एका जागी बांधून ठेवतो," असं ते रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाले. गुरुवारी सकाळी त्यांनी दार उघडलं तर अंगणात, गल्लीत आणि पारापर्यंत चाळीस ढोरं बांधलेली, तोंडातून लाळ गळतेय आणि मालक डॉक्टरची वाट बघतायत. माणिकराव मागच्या दारानं निघाले, पहिल्या एसटीनं पालमला गेले, दवाखान्यात तीन तास हात जोडून बसले आणि एकाच्या राजदूत मोटारसायकलवर मागं बसवून डॉक्टरला घेऊन आले. संध्याकाळी लोक म्हणाले, फोन लय कामाचा निघाला.

सूर्यभान हे सगळं लांबून बघत होता. त्याला हसू येत नव्हतं. एवढा मोठा देश, एवढं मोठं खातं, आणि कुणालाही मान वर करून समोर बघावंसं वाटू नये, याचा त्याला संताप यायचा. तो घरी बसून बायकोला, सरजाबाईला, लाटा कशा सरळ जातात ते समजावून सांगायचा. सरजाबाई ज्वारी पाखडत ऐकायची आणि म्हणायची, मला कामून सांगायलाव, मी कुठं फोन बसवलाय.

मग मार्चच्या मधल्या शनिवारी पोस्टमननं सूर्यभानच्या घरी एक कार्ड टाकलं.

त्याची मुलगी सुला नांदेडला नर्सिंग शिकून नुकतीच घरी आली होती. परीक्षा संपल्यावर वसतिगृह रिकामं करून घेतलं होतं आणि नांदेडात राहायला तिला दुसरं कुणी नव्हतं. नोकरीच्या अर्जात फोन नंबरचा रकाना होता. पालमच्या स्टँडवर 'फोन असलेली गावे' असा रंगवलेला फलक होता, त्यात नंबरासकट बेलखेडा तिसरं. तिनं विश्वासानं तो नंबर लिहिला. आता मेट्रन सगुणाबाईंनी कळवलं होतं की नेमणुकीच्या ऑर्डरी सोमवारपासून कोणत्याही दिवशी निघतील. 'तुझं नाव आलं की मी दहा ते अकराच्या मधे फोन करीन. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत परभणीला हजर व्हायचं, नाहीतर खालच्या नावाला बोलावतात. फोनजवळ राहा.'

सुलानं कार्ड दोनदा वाचलं आणि बापाकडे पाहिलं. घरात सगळ्यांना माणिकरावांच्या ओसरीवरच्या फोनची खरी तब्येत ठाऊक होती.

सूर्यभाननं चपला घातल्या. चौदा वर्षांत पहिल्यांदाच तो स्वतःच्या कामासाठी त्या घराकडे गेला, आणि अंगणात जाऊन उभा राहिला. पायरी चढला नाही. माणिकराव कुणाशी तरी फोनवर बोलत होते. सूर्यभानला पाहून त्यांनी 'बरं साहेब, ठेवतो' म्हणून रिसीव्हर ठेवला आणि नेहमीच्या सवयीनं सांगितलं की फोन झकास चालतोय, आत्ताच तहसीलदार होते. सूर्यभाननं कार्ड पुढं धरलं. ते घ्यायला माणिकरावांना तीन पायऱ्या उतरून अंगणात यावं लागलं.

त्यांनी कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. मग रस्त्यावर कुणी नाही असं बघून ते हळूच म्हणाले, "हवालदार, त्या डबड्यात जीव न्हाई. पहिल्या दिसापासून न्हाई."

"म्हाईत हाय मला."

"कवापासून?"

"साहेबानं नकाशावर बोट ठेवलं तवापासून."

माणिकराव खाली मान घालून उभे राहिले. सूर्यभाननं त्यांना जास्त वेळ तसं उभं ठेवलं नाही. तो म्हणाला, फोन बिघडलेला नाही, जागा बिघडलेली आहे. सगळं सामान उचलून माळाच्या माथ्यावर नेलं तर तिथून पालमचा टॉवर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. माणिकरावांनी सहीची अडचण काढली. फोन ओसरीवर उत्तम चालतो असं त्यांनी लिहून दिलं होतं. तो माळावर चालला तर सही खोटी पडेल. सूर्यभान म्हणाला, "पाटील, पोरगी तीन वर्सं शिकली. तुमची सही एका मिनिटाची हाय."

माणिकरावांनी गडी बोलावला नाही. स्वतःच बैलगाडी जुंपली.

रविवारी सकाळी सगळं गाव बघत असताना नळ, एरियल, काच, बॅटरी आणि लोकरीच्या झाकणासकट फोन माळावर निघाला. माथ्यावर दगडाबाईची शेळ्यांची कोपी, म्हणजे गवती झोपडी, होती. दगडाबाई सत्तरीची, एकटी, बोलायला कंजूष. एवढा लवाजमा बघून ती एवढंच म्हणाली की यानं शेळ्या बुजल्या तर दूध आटेल. सूर्यभाननं तिला शब्द दिला की फोन फार वाजणार नाही. कोपीच्या मेढीला नळ बांधला, एरियल पालमच्या दिशेनं वळवला, थोडा खाली, पुन्हा अंगठाभर वर. रिसीव्हर कानाला लावला. घागरीत भुंगा गुणगुणावा तसा एकसारखा, गोल, गुळगुळीत आवाज येत होता. सूर्यभाननं डोळे मिटले. त्यानं रिसीव्हर माणिकरावांच्या कानाला लावला. माणिकरावांनी हयातीत पहिल्यांदा आपल्या फोनचा आवाज ऐकला आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ठेवला.

पण बाहेर लागतो का, हे बघायला पाहिजे. कुणाचाच नंबर पाठ नव्हता. एक सोडून. सूर्यभाननं एकशे अठ्ठ्याण्णव फिरवला. रविवार असूनही बन्सीधरच पाळीवर होता. त्यानं विचारलं, काय तक्रार आहे?

"तक्रार न्हाई. बेलखेड्याचा फोन चालू झालाय, तेवढं सांगायचं होतं."

बन्सीधरसमोर तक्रारींचं रजिस्टर होतं. खुशाली लिहायचं रजिस्टर त्या कचेरीत नव्हतं. आणि नंबर लागला म्हणजे नोंद तर करावीच लागते. शेवटी त्यानं लिहिलं: 'बेलखेडा. फोन चालू असल्याची तक्रार.' आणि तक्रारीला क्रमांक दिला.

सोमवार आणि मंगळवार फार सुखात गेले. दहा वाजता सुला प्रमाणपत्रांची पिशवी घेऊन कोपीत येऊन बसायची. सूर्यभान असायचा. माणिकराव असायचे, कारण फोन शेवटी त्यांचा होता. हळूहळू दुसरेही येऊ लागले. कुणाला गंगाखेडच्या अडत्याशी बोलायचं होतं, कुणाला पुण्याच्या भावाशी. माळावर ओसरी नव्हती, पायरी नव्हती. ज्याची पाळी तो आत, बाकीचे बाहेर वाऱ्यात, मिळेल त्या दगडावर. दगडाबाई पाळी लावायची आणि लांबण लावणाऱ्याच्या अंगावर शेळी सोडायची. सगुणाबाईंचा फोन मात्र आला नाही.

इकडं बन्सीधरची नोंद टेबलाटेबलावरून सरकत देगलूरकर साहेबांपुढं गेली. साहेबांनी ती तीनदा वाचली आणि त्यांना घाम फुटला. चालू असलेला फोन चालू झाला, याचा अर्थ तो आधी बंद होता. आणि तो बंद होता तर फेब्रुवारीत उत्तम चालतो म्हणून कागद आणला तो कुणी? बुधवारी सकाळी नऊलाच त्यांची जीप बेलखेड्यात शिरली. ओसरीवर फोन नव्हता. सुमनबाईंनी पोळपाट हातात घेऊनच माळाकडे बोट दाखवलं.

जीप माळाच्या पायथ्यापर्यंत गेली. पुढं साहेबांना चालावं लागलं. नकाशात नसलेला तो चढ चढताना ते चार वेळा थांबले. वर पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते, शर्ट पाठीला चिकटला होता आणि श्वास लागल्यामुळं रागावताही येत नव्हतं. दगडाबाईनं त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन ते रागावले.

फोन कुणाच्या परवानगीनं हलवला, असं त्यांनी विचारलं. सूर्यभाननं सांगितलं की तिथं बंद होता, इथं चालू आहे.

"इथं तो चालू आहे ते बेकायदेशीर चालू आहे," साहेब म्हणाले. "तिथं बंद होता, पण कायद्याप्रमाणे होता." त्यांनी खिशातून पाना काढला आणि नळाचा पहिला बोल्ट धरला.

सूर्यभान मधे उभा राहिला. सुला उठून उभी राहिली. त्यानं साहेबांना कार्ड दाखवलं, फक्त अकरापर्यंत थांबा म्हणाला. अकरानंतर मी स्वतः सगळं उतरवून तुमच्या जीपमध्ये भरतो. साहेबांनी कार्ड वाचलं नाही. सरकारी सामानाला हात लावल्याबद्दल काय काय होऊ शकतं ते त्यांनी सांगितलं. सूर्यभाननं ते सगळं शांतपणे ऐकलं आणि जागचा हलला नाही. साहेबांनी माणिकरावांकडे पाहिलं. सरपंचांनी आपल्याला साथ द्यावी अशी त्यांची साहजिक अपेक्षा होती. सहीला दोघं बांधलेले होते.

माणिकरावांनी धोतर सावरलं आणि येऊन सूर्यभानच्या शेजारी उभे राहिले. "साहेब," ते म्हणाले, "मी महिनाभर एकट्यानं बोलत होतो त्या फोनवर. सही खोटी हाय माझी. लिहून घ्या."

साहेब काही लिहून घेणार एवढ्यात फोन वाजला.

सुलानं झेप घातली. ऐकलं. आणि पडलेल्या चेहऱ्यानं रिसीव्हर देगलूरकर साहेबांपुढं धरला. "तुमच्या खात्याचा हाय."

परभणीहून मोठे साहेब बोलत होते. एकतीस मार्च जवळ आला होता, वर अहवाल जायचा होता आणि कारकुनांवर विसंबून न राहता ते स्वतः गावोगावचे नंबर फिरवून बघत होते. सकाळपासून सतरा गावं लावली, त्यांतलं हे पहिलं लागलं. पाना हातात धरून देगलूरकर ताठ उभे राहिले. "होय साहेब. बेलखेडाच, साहेब. गावातूनच बोलतोय. आवाज? अगदी शेजारी बसल्यासारखा, साहेब. नाही साहेब, काहीच अडचण नाही." वाऱ्यानं कोपीचं गवत सळसळत होतं आणि एक शेळी त्यांच्या पँटचा काठ चघळत होती. मोठे साहेब इतके खूश झाले की त्यांनी देगलूरकरांना तिथंच थांबायला सांगितलं. मुंबईच्या साहेबांनाही हा आवाज ऐकवायचा होता. ते तासाभरात फोन लावणार होते.

देगलूरकरांनी रिसीव्हर ठेवला. पाना खिशात घातला. कुणाकडे न बघता ते एका दगडावर बसले. आता तो फोन अकरापर्यंत त्या माळावरून हलला असता तर सर्वांत मोठं नुकसान त्यांचंच होतं.

अकराला दहा कमी असताना फोन पुन्हा वाजला. सुलानं या वेळी झेप घातली नाही. तिनं पदर नीट केला आणि सावकाश रिसीव्हर उचलला. ती फक्त 'हो बाई' म्हणत राहिली. चार वेळा 'हो बाई' म्हणाली आणि पाचव्यांदा तिला ते म्हणता आलं नाही. चुडाव्याच्या दवाखान्यात नेमणूक झाली होती. उद्या दुपारी बाराच्या आत परभणी. सूर्यभान कोपीच्या मागं गेला. बराच वेळ तो तिकडंच पालमच्या टॉवरकडे तोंड करून उभा होता. सरजाबाईला सांगायला कुणीतरी धावत खाली गेलं.

मुंबईचा फोनही आला आणि गोड बोलून गेला. मग माणिकरावांनी साहेबांना फार अदबीनं सांगितलं की आजची एसटी सकाळीच गेली, उद्याचीचा भरवसा नाही, तेव्हा मुलगी आणि तिचा बाप तुमच्या जीपमधून पालमपर्यंत येतील. आजच निघाले म्हणजे उद्याची धास्ती नको. मोठ्या साहेबांना पुन्हा फोन लावून परवानगी घ्यायची असेल तर फोन इथंच आहे. साहेब म्हणाले, परवानगीची गरज नाही.

पण जाण्याआधी त्यांना एक गाठ सोडवायची होती. चालू फोन सापडला कुठं, हे अहवालात लिहिणं भाग होतं. त्यांनी दगडाबाईला विचारलं की ही कोपी कुणाच्या हद्दीत आहे. तिनं हात लांब करून खालची बाभळ दाखवली. बेलखेड्याची शीव त्या बाभळीपाशी संपते. कोपी चिंचवाडीच्या शिवारात. देगलूरकरांनी जीपमधून नकाशा मागवून उलगडला, पट्टीनं मोजलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा ते हसले. मार्चअखेर चाळीस गावांचं उद्दिष्ट होतं. एकोणचाळीस झाली होती.

अहवाल असा गेला: बेलखेड्याचा फोन उत्तम चालतो, वरिष्ठांनी स्वतः खात्री केली आहे. तसंच चिंचवाडी शिवारातही एक फोन चालू अवस्थेत आढळला. त्याच आठवड्यात खात्याची दोन माणसं येऊन माळावरचं सगळं सामान उतरवून पुन्हा माणिकरावांच्या ओसरीवर बसवून गेली आणि कुणी हलवू नये म्हणून पेटीला शिशाचं सील ठोकून गेली. पेटीत भजी पुन्हा तळली जाऊ लागली. माणिकरावांनी मात्र त्यानंतर त्या फोनला तोंड लावलं नाही.

एप्रिलमध्ये एका दुपारी चिंचवाडीचा सरपंच चंद्रभान सायकल हाकत सूर्यभानच्या घरी आला. त्याच्या खिशात छापील पत्र होतं. आपल्या गावात टेलिफोनची सोय झाल्याबद्दल अभिनंदन, खाली सही, शिक्का. चंद्रभाननं गाव धुंडाळलं होतं. शाळेत पाहिलं, पंचायतीत पाहिलं, मारुतीच्या देवळात पाहिलं. फोन मिळाला नव्हता. कुणीतरी त्याला सांगितलं की या विषयात बेलखेड्याचा हवालदार जाणकार आहे.

सूर्यभाननं त्याला बसायला घोंगडी टाकली, सरजाबाईनं चहा ठेवला, आणि सूर्यभाननं पहिल्यापासून सगळं सांगितलं. माळ, कोपी, बाभळ, मोठे साहेब, उद्दिष्ट. तुमचा फोन म्हणजे आमचाच फोन, आणि आमचा फोन मेलेला आहे. तो म्हणाला, "तुमी अन् माणिकराव मिळून अर्ज करा. दोन सरपंच म्हणल्यावर ऐकावं लागंल. फोन माळावर द्या म्हणावं, दोन्ही गावाला चालंल."

चंद्रभाननं चहा बशीत ओतून शांतपणे संपवला. पत्राची घडी घातली.

"म्हंजी कागदावर आमच्या गावात फोन हाय," तो म्हणाला.

"कागदावर हाय."

"अन् नकाशावर?"

"नकाशावर बी हाय."

"मग कशाला अर्ज करायचा?" चंद्रभान उठला. "उगं गेले चौकशीला तर असलेला जायचा."

पुढच्या आठवड्यात चिंचवाडीच्या वेशीवर नवाकोरा फलक लागला. पिवळ्यावर काळ्या अक्षरांत, 'येथे टेलिफोनची सोय आहे.' वाटसरूंना बाण बघून गावात शिरता यावं म्हणून खाली बाणही काढला होता. सूर्यभाननं बाजाराला जाताना तो पाहिला आणि परत येताना पोस्टातून एक आंतर्देशीय पत्र घेऊन आला. ते त्यानं चुडाव्याच्या पत्त्यावर सुलाला लिहिलं. घरचं सगळं बरं आहे, आईचा गुडघा बरा आहे, दगडाबाईच्या शेळीला दोन करडं झाली. शेवटी त्यानं लिहिलं: 'आपल्या भागात फोन फार वाढले आहेत. तेव्हा खुशाली पत्रानेच कळवत जा.'